मागची उंची

“टेप गळ्यात आली की जीभ आत. बाईच्या अंगाचं जे दिसेल ते वहीत लिहायचं, तोंडानं बोलायचं नाही. कळलं का?”

हा माझ्या सासूबाईंचा आवाज. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. मला शिवण त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्या दुपारी घोरपडे बाईंच्या मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप सोडली, आकडा वाचला, आणि तो आवाज इतका जवळून आला की मी खरोखरच मागे वळून पाहिलं. मागे शिलाईयंत्र होतं, भिंतीवर विठ्ठल होता. दुसरं कोणी नव्हतं.

“किती आली?” बाईंनी आरशातून विचारलं.

“बरोबर आहे, बाई.”

“बरोबर म्हणजे किती? माझ्या वर्गात असं उत्तर दिलं असतंस तर बाकावर उभी केली असती.”

“आहे तेवढीच,” मी म्हटलं आणि वहीत लिहिलं: मागची सोळा.

दिवाळीच्या ब्लाउजला ती साडेपंधरा होती. त्याच्या आदल्या वर्षी पंधरा. आणि पुढची, खांद्यापासून कमरेपर्यंतची, चौदावरून पावणेतेरावर आली होती. पाठ गोल व्हायला लागली की कापड मागे पुरत नाही आणि पुढे उरतं. ब्लाउज मागून वर चढतो, पोटावर त्याच्या घड्या पडतात, मानेखाली तो सुटा राहतो. शिवणाऱ्याला हे घरच्यांच्या आधी कळतं. घरची माणसं रोज बघतात, म्हणून त्यांना दिसत नाही.

आत्याबाईंनी तो नियम उगाच केलेला नव्हता. त्यांच्या तरुणपणी आमच्याच पेठेतल्या एका शिंप्यानं चारचौघांत सहज बोलून दाखवलं होतं की अमक्यांच्या मुलीची कंबर दोन महिन्यांत तीन इंच वाढली. मुलीला पोटात पाणी झालं होतं. ते उमगेपर्यंत तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तेव्हापासून आमच्या दुकानात मापं वहीत आणि तोंडाला कुलूप.

त्यावर माझा स्वतःचा एक नेम होता. सकाळी तुळशीला पाणी, विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी स्वतः वळलेल्या वातीचा दिवा, एकादशा, हे तर लहानपणापासूनच. पण तरुण असताना धाकट्या जावेला मी एकदा तिच्या काळजाला लागेल असं बोलले. ती रागानं माहेरी गेली, तिथं तिला ताप आला आणि ती परत आलीच नाही. तिच्या तेराव्याला मी विठ्ठलापुढे उभी राहून म्हटलं, यापुढे कोणाचं मन दुखेल असा शब्द बोलणार नाही. बोलले तर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत अन्न घेणार नाही. गेली अठरा वर्षं तो नेम चालला होता. रोज दिवा लावताना दिवसाचा एकेक शब्द आठवून बघायचे.

घोरपडे बाई मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या. माझ्या मुलीच्याही बाई त्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, वय सहासष्ट. नवरा लवकर गेला, मुलगी रेवती साताऱ्याला दिलेली. गावातल्या निम्म्या बायकांच्या पाठीत त्यांनी कधी ना कधी पट्टीनं टोचून “सरळ!” म्हटलेलं. मुलींनी त्यांचं नाव ओळंबा पाडलं होतं. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. बाईंना ते नाव माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

“रथसप्तमीला आठ दिवस राहिले, कालिंदी,” त्या म्हणाल्या. “शाळेला पन्नास वर्षं झाली. जुन्या मुली येणार आहेत, साठ जणी. मैदानावर एकशे आठ सूर्यनमस्कार. पहिल्या ओळीत मधोमध मी. कुर्ता पांढराशुभ्र हवा, आणि असा बसायला हवा की एकही सुरकुती दिसता कामा नये.”

“बसेल, बाई.”

“मोठ्यानं बोल गं. तुझ्यापेक्षा तुझं यंत्र बरं, त्याचा आवाज तरी येतो.”

त्या हसल्या. हसताना एक हात नकळत कमरेवर गेला.

“दुखतंय का?”

“उसण भरलीय. थंडी आहे ना. आणि आमच्या त्या सुतारानं स्वयंपाकघरातली फळी वर ठोकलीय की काय कोण जाणे, हल्ली डबा काढायला टाचा उचलाव्या लागतात.”

मी टेप गुंडाळून ठेवली.

तो कुर्ता मी आयुष्यात शिवलेला सगळ्यात अवघड कपडा. मागचा भाग एक इंच लांब कापला, पुढचा सव्वा इंच आखूड. खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे ओढली. मानेच्या खाली दोन बारीक चिमटे घेतले आणि जिथं पाठीला बाक आला होता त्याच्या वर-खाली आतून पातळ कॅनव्हास लावलं, म्हणजे बाक भरून निघेल. तीन दिवस लागले. शिवताना माझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही देवासमोर सांगेन. मला वाटत होतं, वय झालं की माणूस वाकायचंच. झाड वाकतं, छप्पर वाकतं. माझी स्वतःची कंबर यंत्रावर बसून पंधरा वर्षं दुखत होती, ती कोणाला सांगायला गेले होते? मग बाईंचा आठ दिवसांचा आनंद कशाला मोडायचा.

चौथ्या दिवशी कुर्ता घेऊन त्यांच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई खाटेवर कुशीवर झोपल्या होत्या, पाठीशी शेकायची पिशवी.

“ये. उठवत नाहीये म्हणून झोपलेय, आजारी नाहीये,” त्या म्हणाल्या. “सकाळी तुळशीची कुंडी उन्हात सरकवली. कमरेत वीज चमकल्यासारखं झालं.”

“तेल लावून देऊ?”

“लाव. पण हळू.”

मी बोटं फिरवत खाली आले. कमरेच्या जरा वर, अगदी मधोमध, एका हाडावर बोट पडलं आणि बाईंचा श्वास अडकला. उसण आजूबाजूच्या मांसात भरते, मधल्या हाडात भरत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी हात काढून घेतला.

“कालिंदी.”

“काय, बाई?”

“खरं सांगायचं हं. मी वाकलेय का गं?”

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

“रेवती संक्रांतीला आली होती, ती म्हणाली, आई, तू जरा वाकलीस. मी म्हटलं, तुला काय कळतंय, वर्षातनं तीनदा येतेस. मग दिवाळीचा ब्लाउज घालून दाखवला तेव्हा गप्प बसली. म्हणाली, हो गं, चपखल बसलाय.” बाई भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. “पण तू पंचवीस वर्षं माझी मापं घेतेस. तू सांग. वाकले असेन तर डॉक्टरकडे जाईन, त्यात काय.”

इतका सोपा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. “हो” म्हटलं असतं की संपलं असतं. पण मला त्यांचा चेहरा दिसला, अजून वळलेला नव्हता तरी दिसला. आणि मी म्हटलं,

“नाही, बाई. कुर्ता तर घालून बघा.”

मी त्यांना धरून उठवलं. कुर्ता घातला. कपाटाच्या आरशापुढे त्या तिरक्या उभ्या राहिल्या, मानेपासून खालपर्यंत पाहिलं. पाठीवर पांढरं कापड भिंतीसारखं सरळ उतरलं होतं.

“बघ!” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “उगाच घाबरवतात मेले. उसणच आहे. दोन दिवस शेकते आणि चार नमस्कार जास्त घालते, मोकळी होईल.”

त्या संध्याकाळी मी दिवा लावला, दिवसाचे शब्द आठवले. कोणाचं मन दुखावलं नव्हतं. नेम शाबूत होता. तरी वात दोनदा विझली, आणि मी वाऱ्याला दोष दिला.

रथसप्तमीला अंगणात गोवरीवर बोळक्यात दूध ठेवलं, सूर्याच्या बाजूला उतू जाऊ दिलं आणि शाळेच्या मैदानावर गेले. चांगलं उजाडलं होतं. साठ बायका ओळीनं उभ्या. कोणी पन्नाशीच्या, कोणी कडेवरचं मूल आईकडे देऊन आलेल्या. बाई मधोमध. माझ्या शेजारची एक म्हणाली, “काय ताठ आहेत अजून! ओळंबा तो ओळंबाच.” मी मान हलवली.

बाई एकेक मंत्र खणखणीत म्हणायच्या आणि साठ जणी खाली वाकायच्या. पहिली बारा नावं झाली. दुसरी बारा झाली. बाईंचा आवाज जरा बारीक झाला होता, पण गडबडला नव्हता. तिसऱ्या फेरीत पाचव्या नावाला सगळ्या जणी तळवे जमिनीला टेकून वाकल्या आणि वर आल्या. बाई आल्या नाहीत.

आधी कोणाला कळलंच नाही. मागच्या मुलींना वाटलं, बाई थांबून दाखवताहेत. मग त्यांचे गुडघे हळूच मातीला टेकले. तोंडातून ‘आई गं’ सुद्धा आलं नाही. मी धावले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मला कोणी उचलू नका,” त्या दात आवळून म्हणाल्या. “आणि मोजणं थांबवू नका. सुनीता, तू म्हण पुढचं नाव. म्हण!”

सुनीता नावाची ती बाई, शाळेची आता मुख्याध्यापिका, रडत रडत सहावं नाव म्हणाली.

स्टँडजवळ डॉक्टर फडतऱ्यांचा हाडांचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते, शांत होते. एक्स-रे काढायला नर्सनं कुर्ता काढून दवाखान्याचा झगा घातला. रेवती साताऱ्याहून तोवर पोचली होती. झगा मागून उघडा. आईची पाठ पाहून ती दारातच थांबली.

“आई... हे आज झालं?”

“आजच. आत्ता सकाळी.”

डॉक्टरांनी नंतर त्यांना आधार देऊन भिंतीला उभं केलं आणि उंची मोजली. “पाच फूट एक.”

“तुमची पट्टी खोटी आहे,” बाई म्हणाल्या. “मी पाच साडेतीन. पस्तीस वर्षं दर जूनमध्ये मुलींच्या आधी माझी उंची मोजत आलेय.”

“शेवटची कधी मोजली?”

“निवृत्त झाले तेव्हा.”

“पट्टी ठीक आहे, बाई.” डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्या पलंगाशी बसले. “वय झालं की मणक्यांमधल्या चकत्या सुकतात. अर्धा-पाऊण इंच सगळ्यांचाच जातो. माझ्या वडिलांचाही गेला. पण अडीच इंच नाही. तुमचे दोन मणके पुढच्या बाजूनं चेपलेत. चौकोनी वीट होती, तिची पाचर झालीय. विटेवर वीट अशी पाचरीसारखी बसली की सगळी भिंत पुढे कलते. आणि खालची कंबर तिला मागे ओढून धरायला बघते. म्हणून ती दुखते.”

“मग बरी कशी होईल ते सांगा.”

“ते एका गोष्टीवर आहे. दोन्ही मणके या चार दिवसांतलेच असतील, कुंडी सरकवताना एक आणि आज एक, तर सहा आठवडे पट्टा, विश्रांती, मग हळूहळू चालणं. पुढचं पुढे बघू. पण वर्ष-दोन वर्षं एकेक खचत आले असतील तर हाडंच आतून विरळ झालीत. मग नुसता पट्टा पुरणार नाही. औषध घ्यावं लागेल, बरीच वर्षं. आणि पुढे वाकणं कायमचं बंद. एकही नमस्कार नाही. नाहीतर तिसरा जाईल, चौथा जाईल.” त्यांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. “यावरून जुनं-नवं मी खात्रीनं सांगू शकत नाही. मोठं यंत्र आपल्या गावात नाही. म्हणून विचारतो, पाठीत फरक कधीपासून होता?”

“नव्हताच,” बाई म्हणाल्या.

“मी म्हटलं होतं ना आई, संक्रांतीला,” रेवती म्हणाली, आणि मग तिचाच आवाज पडला. “पण तेव्हा ब्लाउज इतका छान बसला होता. वाकलेल्या माणसाला असा बसला नसता. मलाच भास झाला असेल.”

“झालाच होता. विचारा हिला.” बाईंनी मान न हलवता बोट माझ्याकडे केलं. “हिच्या हातून माझा प्रत्येक कपडा गेलाय. चार दिवसांपूर्वी हिला स्पष्ट विचारलं. काय म्हणालीस, कालिंदी? सांग डॉक्टरांना.”

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी बोलले तर बाईंचे नमस्कार जात होते. पहाटे उठून गच्चीवर जायचं ज्याच्यासाठी, ते जात होतं. गप्प बसले तर सहा आठवड्यांनी त्या पट्टा सोडून पुन्हा वाकणार होत्या, आणि या वेळी मला माहीत असून. मला तिथं देव आठवला नाही, हे खरं सांगते. मला त्या हाडावरचं माझं बोट आठवलं.

“मी आलेच,” मी म्हटलं.

दुकान दोन गल्ल्या पलीकडे. मापाची वही घेऊन आले तेव्हा डॉक्टर अजून तिथेच होते. मी वही उघडली.

“तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याला,” मी वाचायला लागले. “मागची पंधरा, पुढची चौदा...”

“जरा मोठ्यानं वाचता का, काकू? ऐकू येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

मी घसा साफ केला. “तीन वर्षांपूर्वी मागची पंधरा, पुढची चौदा. दोन वर्षांपूर्वी आषाढात मागची पंधरा, पुढची साडेतेरा. या दिवाळीला मागची साडेपंधरा, पुढची सव्वातेरा. आणि आठ दिवसांपूर्वी, मागची सोळा, पुढची पावणेतेरा.”

डॉक्टरांनी वही हातात घेतली. बराच वेळ बघत राहिले. “म्हणजे दोन वर्षं तरी हे चाललंय,” ते हळू म्हणाले. “कुंडीच्याही कितीतरी आधी.”

“काकू,” रेवती म्हणाली, “मग ब्लाउज कसा बसला?”

“तसा कापला होता म्हणून. मागे कापड जास्त घेतलं. या कुर्त्यात आतून कॅनव्हास पण आहे. बाक दिसू नये म्हणून.”

नर्सनं कुर्ता घडी करून स्टुलावर ठेवला होता. रेवतीनं तो उलटा केला, आतली पट्टी बोटानं चाचपली आणि परत ठेवून दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

बाई छताकडे बघत होत्या. “लिहून घ्या, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “औषध लिहा. काय काय बंद ते लिहा.” मग तसंच वर बघत, “कालिंदी, तू घरी जा.”

दुसऱ्या दिवशी मी सूर्य मावळेपर्यंत काही खाल्लं नाही. अठरा वर्षांत नेम चारदा मोडला होता, हा पाचवा. पण या उपासाला काही अर्थच लागेना. खरं बोलले त्याचं प्रायश्चित्त करत होते, आणि खोटं बोलले त्या दिवशी पोटभर जेवले होते. तिन्हीसांजेला पान वाढून घेतलं आणि घास तोंडाशी नेता नेता खाली ठेवला.

मग रोज जात राहिले. रेवती दार उघडायची, म्हणायची, “झोपलीय, काकू.” आतून बाईंचा खोकला ऐकू यायचा. मी पायरीवर फळं ठेवून यायचे. असे एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी रेवती म्हणाली, “बोलावलंय.”

बाई पाठ टेकून लाकडी खुर्चीत बसल्या होत्या, पोटापासून छातीपर्यंत पट्टा आवळलेला. समोर औषधाच्या बाटल्या. बारीक झाल्या होत्या.

“बस. खाली नको, मला खाली बघता येत नाही. त्या स्टुलावर बस.”

मी बसले.

“तुझं ते व्रत. कोणाला दुखवायचं नाही म्हणून. मला माहितीये, तुझ्या मुलीनंच सांगितलं होतं शाळेत असताना. मला कौतुक वाटायचं.” त्या थांबल्या. “व्रत तुझं आणि उपास माझ्या हाडांना. असं कसं गं केलंस?”

मला रडू आलं.

“रडू नको. मी रडून घेतलंय, आता तुझं बघायला वेळ नाही. मी तुला विचारलं होतं, कालिंदी. सरळ विचारलं होतं.”

“हो, बाई.”

“तेव्हा सांगितलं असतंस तर मैदानावर गेलेच नसते. एक मणका तरी राहिला असता.”

“हो.”

“हो म्हणतेस ते बरं करतेस. ‘नाही हो बाई’ म्हणाली असतीस तर हाकलून दिलं असतं.” त्यांनी पट्टा जरा सारखा केला. “मलाही कळत होतं म्हणा. डबा हाताला येत नव्हता. सुताराला शिव्या घालत होते. तुझ्याकडून नाही ऐकायचं होतं म्हणून तुला विचारलं, असंही असेल. ते मी माझं बघीन.”

रेवतीनं चहा आणला. बाईंनी कप छातीपर्यंत उचलून, मान न वाकवता प्यायला. शिकल्या होत्या. म्हणाल्या, पडल्या पडल्या पाठ घट्ट करायचे व्यायाम दिलेत, उद्यापासून अंगणात दहा फेऱ्या. “आणि सूर्याला नमस्कार उभ्यानंच. नुसते हात जोडते. कसंतरीच वाटतं, पाहुण्याला दारातूनच वाटेला लावल्यासारखं.”

मी बशीत चहा ओतला.

“एक विचारते,” त्या कप खाली ठेवत म्हणाल्या. “तुझ्या वहीत अशा आणखी किती आहेत?”

ही गोष्ट मी स्वतःशीही बोलले नव्हते. पण एकोणीस दिवस रोज दुपारी वही उघडून तेच करत होते.

“पाच,” मी म्हटलं.

“पाच जणींना तू असंच कापून दिलंस?”

“सवयीनं. मागे वाढवायचं, पुढे कमी करायचं. त्या खूश होतात.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“नावं मला सांगू नकोस. मला कळायची गरज नाही. त्यांना सांग.”

“त्यांना वाईट वाटेल, बाई. वय झालं म्हटल्यासारखं होईल.”

“वाटू दे. मला वाटलंच की. मेले का मी?”

“सांगू कसं? काय म्हणू?”

“म्हण, तुमची मागची उंची वाढलीय आणि पुढची कमी झालीय. हाडं तपासून घ्या. बास. पुढे वयाचं लावू नको, देवाचं लावू नको, ‘राग मानू नका’ म्हणू नको. दोन वाक्यं.” त्यांनी हात पुढे केला. मास्तरीण मुलीकडून पट्टी परत मागते तसा. “वचन दे.”

मी माझा हात त्यांच्या हातात ठेवला.

याला आता बावीस वर्षं झाली. त्यानंतर काय झालं, कोण रागावलं, कोणाचा मणका वाचला, ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. सांगायचं ते दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी तुळशीला पाणी घातलं, सहस्रनाम म्हटलं. दुकान उघडलं नाही. पाच जणींत पहिली अनुसया गोडसे. वसतिगृहातल्या मुलांचा स्वयंपाक करायची, सत्तावन्न वर्षांची, मोठ्या पातेल्यांवर वाकून वाकून कंबर गेली म्हणायची आणि वर हसायची. गेल्या दोन वर्षांत तिची मागची उंची पाऊण इंच वाढली होती. दुपारी तिला अर्धा तास मोकळा असतो, हे मला ठाऊक होतं.

वसतिगृह वरच्या पेठेत, चढावर. निघाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चढावर मी दोनदा थांबले. एकदा गणपतीच्या देवळापाशी, एकदा पिठाच्या गिरणीपाशी. दमले म्हणून नव्हे. गिरणीवाला म्हणाला, “काय काकू, दळण आणलं नाही?” मी म्हटलं, “नाही, पुढे जायचंय.” आणि पुढे निघाले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून फोडणीचा वास येत होता, आणि आत भांडी घासायचा आवाज. दार अर्धं उघडं होतं. मी पदर सारखा केला आणि अनुसयाला हाक मारली.